बाहुलीखालची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पायांची, बाभळीच्या लाकडाची. तुम्ही मला स्टूल म्हणाल. जुन्नरच्या बाजारपेठेत कापडाचं एक मोठं दुकान आहे, त्याच्या काउंटरमागे मी असते. वस्तूंच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. त्यांत वस्तू बहुतेक वेळा शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी तसं केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुम्ही मला विचारणार नाही.

त्या कापडाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, राजमहंमद सुतारांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक दगडी ओटा आणि मागे एक खोली. राजमहंमद तिथं पाळणे करतात, देव्हारे करतात, मोडक्या खुर्च्यांना पाय बसवतात. पेठेतले सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या ओट्यावर माझा जन्म झाला.

एका दुपारी मंगल रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आली. मंगल समोरच्या दुकानात साड्या दाखवायचं काम करायची. चालताना ती एकेक पाय जपून टाकत होती. ओट्यावर टेकून तिनं साडी थोडी वर सरकवली. घोटे सुजून पैंजण आत रुतले होते आणि पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या.

"डॉक्टर म्हनला, दिसभर उभं ऱ्हायचं न्हाई," ती म्हणाली. "चाचा, मला एक स्टूल करून द्या. असं, की बसल्या जागी काउंटरवर हात पोचला पायजे."

चाचांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली. "तीन पायांचं करतो. चार पायांचं फरशी वरखाली असली की डुगडुगतं. हे कुठंबी ठेव, हलायचं नाय."

त्यांनी माझी बैठक रंध्यानं इतकी गुळगुळीत केली की साडीचा धागासुद्धा अडकू नये. कडा गोल केल्या, म्हणजे मांडीला रुतणार नाहीत. मंगल मला घेऊन गेली तेव्हा तिनं मला पोटाशी धरलं होतं, लहान मूल धरतात तसं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की दुकानात बसण्यात एवढं काय विशेष? पूर्वी काहीच नव्हतं. जुन्या शेठच्या वेळी तिथं पांढरी गादी होती. गिऱ्हाईकही गादीवर बसायचं, शेठही आणि कामाची माणसंही. मंगल त्याच गादीवर बसून साडीची घडी घालायला शिकली. मग जुने शेठ वारले आणि त्यांचा मुलगा सुदर्शनशेठ गल्ल्यावर आला. त्यानं गादी काढली. काचा लावल्या, चकचकीत फरशी टाकली, उंच काउंटर केले. गिऱ्हाइकांसाठी मऊ खुर्च्या आल्या. कामाला दहा-बारा बायका होत्या, त्या मात्र सकाळी शटर वर जाण्यापासून ते खाली येईपर्यंत उभ्या राहू लागल्या.

माझे पहिले दोन-तीन दिवस फार सुखाचे गेले. गिऱ्हाईक नसलं की मंगल माझ्यावर टेकायची. तिच्या पायांतला ठणका हळूहळू उतरायचा आणि ती एक लांब श्वास सोडायची. तो श्वास मला कळायचा. दुसऱ्या बायकाही आळीपाळीनं येऊन टेकायच्या. वैजयंती नावाची एक तरुण मुलगी नव्यानं कामाला लागली होती. ती म्हणाली, "ताई, तुमचं हे स्टूल म्हंजी आपलं एसी हाये." सगळ्या हसल्या. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

मग सुदर्शनशेठची नजर माझ्यावर गेली.

"हे काय आहे?"

"शेठ, पाय लई सुजत्यात," मंगल म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की उठते मी."

"दारातून आत येणाऱ्याला बसलेली बाई दिसते. दुकान झोपल्यासारखं वाटतं. हे इथं चालणार नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय, शेठ."

"मग डॉक्टरकडंच कामाला जा."

त्यानं मला उचललं. फेकून देणार असं वाटलं. पण त्याला माझी गोल बैठक आवडली असावी. दर्शनी काचेत नवरीच्या वेषातली एक प्लॅस्टिकची बाहुली उभी असायची. त्यानं ती काढून बसलेली बाहुली आणवली, तिला शालू नेसवला आणि माझ्यावर बसवलं. दोन पावलं मागं जाऊन मान तिरकी करून बघितलं. "आता शोभतंय," तो म्हणाला.

तिथं मी कितीतरी वर्षं होते. माझ्यावर जी बसली होती तिला पाय होते, पण ते कधी दुखत नव्हते. लोक काचेपुढं थांबायचे, शालूचं कौतुक करायचे. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं आणि मला त्याचं दुःखही नव्हतं. दुःख दुसरं होतं. समोरच्या काचेत मला दुकानाचं आतलं प्रतिबिंब दिसायचं. मंगल उभी दिसायची. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार घ्यायची, मग तो उचलून पहिल्यावर. उन्हाळ्यात तिच्या घोट्याजवळ एक जखम झाली. ती भरायची आणि पुन्हा फुटायची. मंगल तिला साडीच्या फॉलची पट्टी बांधायची आणि गिऱ्हाइकापुढं हसून म्हणायची, "ह्यो रंग बघा वैनी, तुमच्यावर लई खुलंल."

मी ज्या बाईसाठी जन्माला आले ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती आणि मी एका बाहुलीला बसवून घेत होते. त्या दिवसांत मी एकच गोष्ट मनात धरली. ह्या माणसाला ह्याची किंमत मोजायला लावायची. कशी, ते मला ठाऊक नव्हतं. तिवईला काय करता येतं? पण मी विसरणार नव्हते.

गेल्या दिवाळीच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मंगल शिडीवर चढून वरच्या फळीवरून लग्नाच्या साड्या काढत होती. उतरताना तिचा घोटा शिडीच्या कडेवर आपटला. जखम फुटली. पांढऱ्या फरशीवर रक्त पडलं आणि तिच्या हातातल्या शालूच्या काठालाही लागलं. गिऱ्हाईक बाई मागं सरकली. सुदर्शनशेठ गल्ला सोडून आला.

"उद्यापासून येऊ नको," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

"शेठ, पाय बरा होईस्तोवर बसून काम करते. घड्या घालते. मला घरी नगा बसवू."

"बसायचंच असेल तर घरीच बस ना."

मंगलनं खाली वाकून फरशी पुसली. सगळी पुसली. मग पिशवी घेतली आणि माझ्या काचेसमोरून निघून गेली. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं, पण ती खाली बघत चालली होती.

मित्रांनो, त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नोव्हेंबर महिन्यात, देशात नवे कामगार कायदे लागू झाले. टीव्हीवर बातम्या आल्या, पेठेत चर्चा झाली, आणि बहुतेकांनी ती सोडून दिली. पण चाचांची मुलगी रुमाना जुन्नरच्या कोर्टात वकिलांच्या हाताखाली काम शिकत होती. तिनं मंगलला घरी जाऊन गाठलं. तिथं काय बोलणं झालं ते मला पुढं ओट्यावर ऐकायला मिळालं.

"मावशी, आता कामाला ठेवलेल्या प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यावं लागतं. आणि उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय करावी लागते. आपण तक्रार करू."

"पर मी तिथं व्हते ह्याला पुरावा काय? मला कुणी कदी चिठ्ठीबी न्हाई दिली."

"इतकी वर्षं काम केलंय तुम्ही. शेठ नाही कसं म्हणतील?"

शेठ नाही म्हणाला, मित्रांनो. मी तिथंच होते, मी ऐकलं.

कामगार खात्यातून एक अधिकारी मॅडम चौकशीला आल्या. त्या येणार हे शेठला आधीच कळलं होतं. सकाळीच टेम्पोतून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. काउंटरमागे त्या ओळीनं मांडल्या. घाईत कोणी त्यांच्यावरची पन्नीसुद्धा काढली नव्हती. मॅडमनी मंगलचं नाव घेतलं तेव्हा सुदर्शनशेठ हात जोडून म्हणाला, "या बाई आमच्याकडं कधीच कामाला नव्हत्या. गिऱ्हाईक म्हणून यायच्या. बोलक्या आहेत, बायकांत मिसळायच्या, एवढंच."

मॅडम वैजयंतीकडे वळल्या. "तुम्ही ओळखता यांना?"

वैजयंतीनं शेठकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "न्हाई मॅडम. मला म्हाईत न्हाई."

माझ्या तिन्ही पायांतून कळ गेली. जिच्या शेजारी उभं राहून ती काम शिकली, जिच्या डब्यातली भाजी तिनं खाल्ली, ती तिला माहीत नव्हती. त्या क्षणी मी शेठच्या नावाशेजारी वैजयंतीचंही नाव धरलं.

मॅडम गेल्यावर खुर्च्या माळ्यावर गेल्या. शेठचा राग अजून उतरला नव्हता. काचेत वाकून त्यानं बाहुली बाजूला केली आणि मला ओढून काढलं. "ही त्या बाईची पीडा आहे," तो म्हणाला. मागच्या दारानं त्यानं मला गल्लीत भिरकावलं. मी दगडावर आपटले आणि माझा एक पाय उभा चिरला.

चाचांनी मला तिथं पाहिलं. त्यांनी मला उचलून झटकलं, सायकलच्या मागं बांधलं आणि ओट्यावर आणलं. चिरलेल्या पायाला त्यांनी लोखंडी पट्टी ठोकली. मंगल आली तेव्हा मी पुन्हा उभी होते.

तिनं मला ओळखलं. पट्टीवरून बोट फिरवलं. मग समोरच्या दुकानाकडे पाहिलं.

"म्हनं ही बाई आमच्याकडं कदीच कामाला नव्हती," ती म्हणाली. मग चाचांकडे वळली. "चाचा, मला तुमच्या ओट्यावर बसू द्याल का? रोज. लगीनसराई संपंपर्यंत."

"बसून काय करणार?"

"काय न्हाई. नुसती बसनार."

दुसऱ्या दिवसापासून ती आली. मला ओट्याच्या कडेला मांडायची, दुकानाच्या दाराच्या बरोब्बर समोर, आणि माझ्यावर बसायची. दुखरा पाय खोक्यावर लांब करायची. ती ओरडली नाही, फलक लावला नाही, कोणाला हाक मारली नाही. बस्त्याला येणारी वऱ्हाडं एसटीतून, जीपमधून उतरायची. त्यांतल्या बायका दुकानात शिरण्याआधी तिला बघायच्या आणि थांबायच्या. जुन्नर आणि आंबेगावात अशी किती घरं होती ज्यांच्या लेकीसुनांना मंगलनं साड्या निवडून दिल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

सगळ्यात आधी मढच्या झुंबरबाई आल्या. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. बरोबर जीपभर बायका होत्या.

"अगं मंगल, तू हितं काय करतीस?"

"बसलीया, मावशी."

"आन दुकान?"

"शेठनं चौकशीच्या मॅडमला सांगितलं, ही बाई आमच्याकडं कदीच कामाला नव्हती म्हनून."

झुंबरबाईंना आधी कळलंच नाही. मग त्या तशाच रस्ता ओलांडून दुकानाच्या दारात गेल्या. आत नाही गेल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, "ए सुदर्शन! माझ्या तिन्ही पोरींचे बस्ते कुनी बांधले रं? त्या बाहुलीनं?"

पेठ थांबली. शेठ हसत पुढं आला. "या ना मावशी, आत तर या."

"आत येऊन काय करू? उंद्या मलाबी म्हनशील, ही बाई कदी आलीच न्हाई." आणि त्या वऱ्हाड घेऊन पुढच्या गल्लीतल्या दुकानात गेल्या.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. मला इतका आनंद झाला की माझ्या पट्टीचे खिळे उबदार झाल्यासारखे वाटले. मंगलच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण तिनं पदर सावरला आणि ती अधिक ताठ बसली. दुसऱ्या दिवशी निरगुडसरचं वऱ्हाड परत फिरलं. मग आणखी एक. कोणी आत जायचंही, पण मंगलबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय कोणी बाहेर यायचं नाही. शेठ काचेआडून बघत राहायचा. आता तो आत होता आणि मी बाहेरून त्याला बघत होते.

आधी त्यानं मिठाईचा पुडा पाठवला. मंगलनं तो न उघडता परत केला. मग तो स्वतः आला. "रस्त्यात बसून माझा धंदा बुडवतेस? पोलिसांत देईन."

चाचांनी रंधा खाली ठेवला. "रस्त्यात नाय, शेठ. ओटा माझा हाये. माझ्या ओट्यावर माझी पावनी बसलीया."

मग एका दुपारी वैजयंती आली. तिचा चेहरा उतरला होता. तिला दिवस गेले होते, हे लांबूनही दिसत होतं.

"ताई, आता बास करा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक तुटलं म्हनून शेठ दोघी-तिघींना काढनार हायेत. त्यात माझं नाव हाये. आमच्या पोटावर पाय नका देऊ."

मी वाट बघत होते. आता मंगल हिला असं बोलेल की ही आयुष्यभर विसरणार नाही. मला तेच हवं होतं.

मंगल माझ्यावरून उठली. "आदी बस."

"नको ताई."

"बस म्हनते ना. पाय बघ तुझे."

वैजयंती माझ्यावर बसली. मनात आलं, लोखंडी पट्टीचा पाय थोडा कलता केला तर? ही पडेल, सगळ्या पेठेसमोर. पण तिचं वजन माझ्यावर आलं आणि मला तोच ठणका कळला, जो मला चांगला ओळखीचा होता. मी हलले नाही. हलायला हवं होतं, असं मला अजूनही कधीकधी वाटतं.

"त्या दिशी तू खोटं बोललीस," मंगल म्हणाली. "ते मी इसरनार न्हाई. माफी मागू नको, मी देनार न्हाई. परवा त्या मॅडमपुढं माझ्या तक्रारीची सुनावनी हाये. तिथं खरं बोल, आन मग तुझं नाव यादीत ऱ्हातंय का बघू."

"शेठ मला तवाच काढतील."

"काढंल. मग दोघी हितं बसू. चाचा आनखी एक स्टूल करतील."

चाचांनी मान न उचलता सांगितलं, "लाकूड हाये."

सुनावणीला मी नव्हते. रुमानानं संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांच्या नकला करून सांगितलं. झुंबरबाई मढहून बायका घेऊन आल्या होत्या. निरगुडसरचे एक आजोबा आले होते. मॅडमनी शेठला पुन्हा विचारलं तेव्हा तो पुन्हा तेच म्हणाला, गिऱ्हाईक होती. तेव्हा वैजयंती उठली. ती म्हणाली, "मॅडम, मला घडी घालायला ताईंनी शिकवलं. मागच्या येळंला मी घाबरून खोटं बोलले. आन त्या खुर्च्या तुमी गेल्यावर माळ्यावर गेल्या." शेठनं खिशातून रुमाल काढला. मग तो म्हणाला, "होती. कामाला होती." एवढेच शब्द काढायला त्याला किती जड गेलं ते रुमानानं तीन वेळा करून दाखवलं आणि मी तिन्ही वेळा कान देऊन ऐकलं.

शेठला सगळं मान्य करावं लागलं. कामावर असलेल्या प्रत्येक बाईला पत्र, मंगलला पहिल्या दिवसापासूनची नोंद धरून परत काम, आणि काउंटरमागे बसायची सोय. वैजयंतीला काढायची हिंमत त्याला झाली नाही.

तो मंगलचं पत्र घेऊन स्वतः ओट्यावर आला. बाजाराचा दिवस होता. मंगल माझ्यावर बसली होती आणि ती उठली नाही. त्यानं कागद पुढं केला. तिनं घेतला नाही.

"वाचून दाखवा, शेठ. मोठ्यानं."

"तुला वाचता येतं की."

"मला येतं. ह्या समद्यांना ऐकू द्या."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. भाजी घेऊन निघालेल्या बायका थांबल्या होत्या. तो वाचू लागला. मंगलचं नाव, ती कधीपासून त्याच्या दुकानात काम करते, काय काम करते. वाचता वाचता एक ट्रॅक्टर गेला आणि त्याचा आवाज बुडाला. मंगल म्हणाली, "परत वाचा. ऐकू न्हाई आलं." त्यानं परत वाचलं. ऊन चढलं होतं, तो घामाघूम झाला होता. त्याच्या मागं एक रिकामं खोकं होतं, पण त्याला कोणी बस म्हणालं नाही. मला वाटलं, ट्रॅक्टर अजून दोन-चार जावेत.

आता मी दुकानात आहे. मंगल माझ्यावर बसून साड्या दाखवते आणि शेजारी चाचांनी केलेल्या माझ्या बहिणी ओळीनं उभ्या आहेत. वैजयंती बाळंतपणाच्या रजेवर आहे. मंगलची जखम भरत नाही. डॉक्टर म्हणाले, शिरा कायमच्या गेल्या, आता जपायचं एवढंच. म्हणून माझा रागही भरत नाही. सुदर्शनशेठ सकाळी आत येताना आता मंगलला "बसा, बसा" म्हणतो. मंगल त्याला उत्तर देत नाही.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आईबरोबर दुकानात गेलात की नव्या कपड्यांकडे बघण्याआधी काउंटरच्या मागे डोकावून बघा. तिथं उभ्या असलेल्या ताईला, काकांना बसायला काही आहे का ते बघा. नसेल तर विचारा. हळू विचारू नका. गल्ल्यावरच्या माणसाला ऐकू जाईल आणि बाकीची गिऱ्हाइकं मागे वळून बघतील, इतक्या मोठ्यानं विचारा. तो लाजला तर लाजू द्या. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.